कुंकू पिणारा रूळ

लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला माझा धंदा कळला, की तो हमखास विचारतो, "काय हो, त्या रोलर कोस्टरमध्ये पोरांना बसवायला हरकत नाही ना?" मी म्हणतो, "बसवा की बिनधास्त. मीच पास केलाय." तो हसतो, मीही हसतो. मग तो आपल्या पोरांकडे बघतो आणि मला घास उतरवायला मठ्ठा मागवावा लागतो. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. सहानुभूती मिळावी असं मी काही केलेलं नाही, ते पुढे कळेलच.

पाळणे, लिफ्ट, क्रेन, असं जे जे माणसाच्या अंगावर कोसळू शकतं ते तपासायचं आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. घर धुळ्याला, देवपुरात. घरी आईवडील अहिराणीच बोलायचे. मी इंजिनिअर झाल्यावर ती सोडली. कळते सगळी, पण तोंडातून काढायची नाही असं ठरवून टाकलं. समोरचा अहिराणीत बोलायला लागला की मी मुद्दाम आणखी शुद्ध बोलायचो. त्याला त्याची जागा कळावी म्हणून. हे तेव्हा मला हुशारीचं वाटायचं.

जळगावच्या बाहेर, महामार्गाला लागून एक पार्क आहे. मेहरूणच्या तलावाभोवती फिरून कंटाळलेली माणसं रविवारी पोरांना घेऊन तिथे जातात. तिथला रोलर कोस्टर दुसऱ्या कुठल्याशा राज्यातल्या बंद पडलेल्या पार्कातून, तुकडे करून, ट्रकवर लादून आणलेला. पुढच्या डब्याला ड्रॅगनचं तोंड होतं; स्थानिक पेंटरने ते असं रंगवलं होतं की ड्रॅगनऐवजी घाबरलेली म्हैस दिसावी. वर्षातून एकदा, दसरा होऊन दिवाळीची सुट्टी लागायच्या आत, मी तो तपासायला जायचो. सुट्टीत गर्दी उसळते, म्हणून त्याआधी माझी सही लागायची.

रूळ म्हणजे दोन जाड लोखंडी पाइप. डब्याची चाकं त्यांना वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून धरून असतात. उंचावरून डबे खाली येतात आणि पुन्हा वर चढतात, तो जो मधला खळगा असतो, तिथे सगळं वजन एकदम बसतं. रूळ झिजायचा तो तिथे झिजतो, वेल्डिंग उलायचं ते तिथे उलतं. हे कुठल्याही तपासनिसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्याच्या आदल्या वर्षी मी त्या खळग्यात उतरलोच नव्हतो. पावसाचं पाणी तिथे साचून चिखल झाला होता, वर बाभळीच्या फांद्या पडलेल्या, आणि माझे बूट नवे होते. बाकी ठिकाणी जाडी मोजायचं यंत्र लावलं, आकडे घेतले. खळग्याचे आकडे मी कँटीनमध्ये शेवभाजी खाता खाता भरले. त्याआधीच्या वर्षाचे घेतले आणि थोडे थोडे कमी केले, म्हणजे खरे वाटतील. मग सही केली. वर्षभर पोरं त्या रुळावरून किंचाळत गेली आणि काही झालं नाही. काही झालं नाही की माणसाला आपण बरोबर होतो असं वाटू लागतं.

तो रोलर कोस्टर चालवायचे ते आबा. सगळे आबाच म्हणायचे. साठी ओलांडलेली, अमळनेरकडच्या एका खेड्यातले, डोक्यावर पांढरी टोपी आणि धोतरावर पार्कने दिलेला खाकी शर्ट. पार्क सुरू झालं त्या दिवसापासून लिव्हरवर तेच. प्रत्येक पोराच्या मांडीवरची दांडी स्वतः दोनदा ओढून बघायचे, मग आपल्या लोखंडी खुर्चीजवळ येऊन लिव्हर धरायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ते पालकांना सांगायचे, कँटीनवाल्याला सांगायचे, दर वर्षी मलाही सांगायचे. "साहेब, मना हातखाले इतला वरीसमा एक बी पोरले खरचटनं नई." माझ्या हाताखाली एकाही पोराला खरचटलं नाही. दुसरी कसलीच फुशारकी त्यांना मारता येत नव्हती. गावी कोरडवाहू तुकडा, शिक्षण नाही, बायको वारलेली. पण हे वाक्य मात्र ते असं म्हणायचे, की एखाद्याने सातबारा काढून दाखवावा.

त्या वर्षी मी पोचलो तर आबा गेटवरच उभे. माझी बॅग घ्यायला पुढे झाले आणि चालता चालता म्हणाले, "साहेब, खळगामधला जोड कुंकू पी राहिना."

मी थांबलो. "जोड कुंकू पितोय म्हणालात?"

"कुंकू पी राहिना. मी खंडेनवमीले बठ्ठा जोडेसले ओलं कुंकू लावस. बाकीना जोडवर टिपका तसाच राहस. आठे आत जास. भांग भरा तशी रेघ पडस. मांगला साल बी पडनी व्हती, पन लहान व्हती."

खंडेनवमीला आपल्याकडे सगळी हत्यारं, यंत्रं धुऊनपुसून पुजतात. वर्कशॉपमध्ये लेथला हार घालतात, एसटीच्या डेपोत बसला झेंडू लावतात. आबा रोलर कोस्टरची पूजा करायचे ती पूर्ण. तेलात कालवलेलं कुंकू वाटीत घेऊन पहिल्या जोडापासून शेवटच्या जोडापर्यंत, चढता येईल तिथे चढून, वाकता येईल तिथे वाकून, बोटाने एकेक टिपका. अख्खा दिवस जायचा. मालकाने दोन-तीनदा सांगितलं होतं की एक नारळ फोडा आणि मोकळे व्हा. पण आबा म्हणायचे, हात नाही लावला तर पूजा कसली.

आता कुणी शहाणा असता तर त्याने बॅग खाली ठेवून सरळ खळगा गाठला असता. तेलकट कुंकू वेल्डिंगमध्ये शिरतंय, म्हणजे शिरायला फट आहे. माझ्या बॅगेत फटी शोधायचे दोन डबे होते. एक लाल रंगाचा: तो फवारायचा, थांबायचं, पुसून टाकायचं. दुसरा पांढरा: तो वरून मारला की फटीत शिरलेला लाल रंग रेघ होऊन वर येतो. माझा लाल रंग कारखान्यातून आलेला आणि आबांचा वाटीतला, एवढाच काय तो फरक. पण हे मला आज सुचतंय. त्या दिवशी मला फक्त हसू आलं. आणि माझं हसू माझ्यापुरतं ठेवायची मला सवय नव्हती.

मालकाच्या ऑफिसात चहा घेताना मी म्हणालो, "तुमचा रूळ कुंकू पितो, ऐकलंत का? पुढच्या वर्षी साडीचोळी मागेल." मालक हसून हसून लाल झाला. तिथे हिशेबनीस होता, तिकीट खिडकीवरची मुलगी होती, तीही हसली. अर्ध्या तासात अख्ख्या पार्कभर झालं. कँटीनवाला आबांना ओरडून म्हणाला, "काय आबा, आज रूळनी चहा पिधा का?" बागेत पाणी घालणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आबाही आधी हसले. मग त्यांना कळलं की हे कुठून सुरू झालंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मला त्यात गंमत वाटली हे मी लपवत नाही.

गंमत वाढवायची म्हणून मी म्हणालो, चला, सगळे चला, आबांचा रूळ काय पितो ते शास्त्रोक्त बघू. मालक आला, हिशेबनीस आला, कँटीनवाला कढई तशीच सोडून आला. त्या वर्षी खळगा कोरडा होता. मी जोडावरचं कुंकू, रंग, सगळं तारेच्या ब्रशने खरवडून काढलं, रसायनाने धुतलं, लाल फवारा मारला. दहा मिनिटं मी लोकांना समजावून सांगत होतो की विज्ञान आणि श्रद्धा यांत फरक काय असतो. मग पुसून पांढरा मारला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पांढऱ्यावर रेघ आली. आधी केसाएवढी, मग जाड, मग पाइपाच्या कुशीतून खालपर्यंत, वीतभर. भांग भरावा तशी.

आबा खाली वाकले, रेघ बघितली आणि टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं आता हा म्हातारा म्हणेल, बघा, मी सांगितलं होतं. तसं काही ते म्हणाले नाहीत. "बरं व्हयनं बापा," म्हणाले, "पोरं वाचनात." पोरं वाचली म्हणाले, आणि खरोखर त्यांचे डोळे भरून आले होते.

मालक मात्र माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "साहेब, मग मागच्या वर्षी तुम्हाला हे कसं नाही दिसलं?"

प्रश्न अगदी साधा होता आणि उत्तरही साधं होतं: मी इथे उतरलोच नव्हतो. हे म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती, सहीचा अधिकार गेला असता. मी नोकरीच्या भीतीने पुढचं केलं, असं म्हणायची सोय आहे. भीती होतीच, पाचावर धारण बसली होती. पण तेवढंच नव्हतं. मला राग आला होता. माझं यंत्र, माझी पदवी, माझं शुद्ध मराठी, सगळं एका बाजूला आणि एका अंगठाछाप म्हाताऱ्याचं बोट दुसऱ्या बाजूला, आणि बोट बरोबर निघालं, तेही मीच बोलावलेल्या माणसांसमोर. मला त्या बोटाचा सूड हवा होता.

मी म्हणालो, "मागच्या वर्षी ती नव्हती म्हणून दिसली नाही. ही ताजी आहे. वर्षभरातली." आबांनी नुकतंच गेटवर मला सांगितलं होतं की मागच्या वर्षीही रेघ पडली होती. ते तोंड उघडणार, तोच मी त्यांच्याकडे वळलो. "आबा, ब्रेक कसा मारता तुम्ही? दाखवा बरं."

वर नेऊन मी त्यांना लिव्हर ओढायला लावली. एकदा, दोनदा, चारदा. रिकामे डबे येऊन थांबत होते. "झटका बसतोय," मी म्हणालो. "बघा मालक, कसा झटका बसतोय." स्टेशनवरच्या ब्रेकचा आणि त्या खळग्याचा काडीचा संबंध नाही. खळगा लांब, पार दुसऱ्या टोकाला. हे मला माहीत होतं, मालकाला माहीत नव्हतं, आणि आबांना तर साहेब म्हणतात म्हणजे असेल, एवढंच माहीत होतं. त्यांचे हात थरथरायला लागले आणि मग खरंच झटका बसायला लागला.

"नेमून दिल्यापेक्षा जादा फेऱ्या देता का तुम्ही?"

"देस ना, साहेब," आबा लगेच म्हणाले. त्यांना लपवायचं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. "आश्रमशाळानी पोरं येतस. त्या एकदावच येतस, परत कवय येतीन? मंग एक फेरी जादा मारी देस."

वर्षाकाठी अशा पाच-सहा फेऱ्या. रोज उठून कित्येक फेऱ्या झेलणाऱ्या रुळाला त्यांनी काय होतंय? पण कबुली तोंडातून आली होती आणि मालकाने ती ऐकली होती. मी तिथेच, त्यांच्याच लोखंडी खुर्चीवर बसून अहवाल लिहिला. 'चालकाच्या अयोग्य हाताळणीमुळे व विनापरवाना जादा फेऱ्यांमुळे रुळाची अकाली झीज.' वड्याचं तेल वांग्यावर काढणं मला इतकं सफाईने जमेल असं मलाही वाटलं नव्हतं.

आबा म्हणाले, काय लिहिलं ते वाचून दाखवा. मी वाचलं.

"अकाली म्हंजे काय, साहेब?"

"वेळेच्या आधी."

"आनि झीज?"

"घिसणं."

त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. "मंग मी घिसं त्याले? मना हातघाई?" माझ्या हातांमुळे?

"हो," मी म्हणालो. मग त्यांना नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणालो, "हो."

मालकाने त्याच दिवशी त्यांना काढलं. माणूस वाईट नव्हता तो, पण त्याला कुणीतरी काढायचंच होतं, आणि आबांना काढणं सोपं होतं. आबांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं रडतील, शिव्या देतील, निदान कुंकवाची आठवण देतील. त्यांनी फक्त हिशेबनिसाकडून त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. कँटीनवाला बाजूला येऊन मला म्हणाला, "साहेब, फट तर आबांनीच दाखवली ना?" मी म्हणालो, "चोरच चोरी कुठे झाली ते दाखवतो." तो परत कढईकडे गेला. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात हे त्याने त्या दिवशी जवळून बघितलं, पण त्याला काय पडलं होतं.

दिवाळीची सुट्टी रोलर कोस्टर बंदच राहिला. मालकाला नुसता रंग मारून भागवायचं होतं, ते आता शक्य नव्हतं. बाहेरून कारागीर आले. खळग्याचा सगळा तुकडा कापून नवा घातला, जुना रंग वाळूच्या फवाऱ्याने उडवून उघडा रूळ तपासला तर आणखी चार जोड उललेले निघाले. ते चारही मी पास केलेले होते. तेही आबांच्या खात्यावर गेले. चाकं सगळी नवी आली. म्हशीच्या तोंडाच्या ड्रॅगनला नवीन पेंटरने डोळे काढले, तो आता घाबरलेल्या बकरीसारखा दिसतो.

दुरुस्ती झाली की माणसं बसवायच्या आधी सीटवर वाळूची पोती बांधून फेऱ्या मारतात. त्या दिवशी मी हजर होतो. डबे भरले आणि बघतो तो गेटबाहेर आबा. गावाहून एसटीने आले होते. कुणीतरी दुरुस्तीचं सांगितलं असणार. वॉचमनने त्यांना आत सोडलं. ते सरळ माझ्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, पोता काबर? मी बठस ना. मना वजन बी पोताइतलंच शे. काही व्हयनं ते माले व्हई."

पोत्यांऐवजी मी बसतो, म्हणत होते; त्यातून काय मागत होते ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं. त्यांना तो रूळ आपल्या अंगावर घेऊन बघायचा होता. आपण मोडलेली वस्तू नीट झाली की नाही हे माणूस आधी स्वतःवर बघतो. मी कारागिरांकडे बघून मोठ्याने म्हणालो, "नको आबा. पोती बरी. ती लिव्हरला हात लावत नाहीत."

कारागीर हसले. वॉचमनसुद्धा हसला. आबांनी मान डोलावली, जसं काही मी नियम सांगितला. मग ते कुंपणाला धरून उभे राहिले आणि पोत्यांच्या बाराच्या बारा फेऱ्या त्यांनी बघितल्या. एकेक फेरी खळग्यात उतरली की ते डोळे मिटायचे. शेवटची फेरी नीट आली तेव्हा ते कुणाला न सांगता निघून गेले. मी अहवालावर सही केली. खरोखर तपासून केलेली माझी ती पहिली सही असावी.

त्यानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी सासुरवाडीला होतो. बायको आधीच माहेरी गेली होती, तिला आणायला गेलो. सासुरवाडी अमळनेर तालुक्यात, आणि आबांचं गाव तिथून शेताच्या बांधाने पंधरा मिनिटांवर, हे मला माहीतच नव्हतं. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, आणि बाया-पोरी दिवसभर झोक्यावर गाणी म्हणतात. दुपारी पुरणपोळी आणि आंब्याचा रस जेवून मी ओसरीवर लवंडलो होतो, इतक्यात दारात कुणीतरी आलं. आबा. डोक्याला तीच टोपी. अंगावर खाकी शर्ट मात्र नव्हता.

मी उठून बसलो. आता हा माणूस सासऱ्यासमोर, मेहुण्यांसमोर, बायकोसमोर सगळं काढणार. पण ते उंबऱ्याबाहेरच थांबले. "साहेब, तुमी आयेल शेतस असं कळनं. एक काम व्हतं. चला ना जरासा."

सासरे कौतुकाने म्हणाले, "आमना जवाई मोठा साहेब शे, आबा. त्याले काय काम सांगतस?" आणि आम्हाला सोबत म्हणून तेही निघाले, मेहुणेही निघाले.

आबांच्या घरासमोर कडुनिंब होता. त्याच्या आडव्या फांदीला झोका बांधलेला, नवाकोरा दोर, बसायला पाट. पाच-सहा पोरी झाडाखाली रांगेत बसून होत्या. नव्या परकरातल्या, हातांना मेंदी लावलेल्या, आणि एकही झोक्यावर नाही. गावात बाकी सगळ्या झाडांवर आरडाओरडा चाललेला, फक्त इथे शांतता. आबांची लेक दारात उभी होती, तिची पाच-सहा वर्षांची पोरगी झोक्याकडे एकटक बघत होती.

"दोर देखी ल्या, साहेब," आबा म्हणाले. "मना जवाईनी बांधा. मी हात नई लावा. तुमी पास करा, मंग पोरी बठतीन."

मी काही बोलायच्या आत त्यांची लेक पुढे आली. तिचा आवाज चढलेला होता, सकाळपासून ती बापाशी भांडत असणार. "साहेब, तुमीच सांगा यास्ले काहीतरी. पोरले कडेवर बी नई लेतस. बैलगाडीवर पोरं बठनात ते कासरा सोडी देतस. म्हनतस, मना हात वाईट शेत."

"वाईटच शेत," आबा तिला समजावत म्हणाले, आणि सासऱ्यांकडे वळले. "या साहेबनी पोरं वाचाडी. तुमी इतला देव घरमा ठेयेल शे आनि तुमले माहीत नई. मना हात त्या रुळले घिसी राहिंथात, माले कळनं बी नई. साहेब नई येतात ते मना हातघाई पोरं मरी जातात. मी बठ्ठा गावले सांगस."

त्यांनी खिशातून तो झेरॉक्सचा कागद काढून सासऱ्यांना दिला. घड्यांवर फाटत आला होता. सासऱ्यांनी खाली माझी सही बघितली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बायको मागून आलेली मला दिसली. तिच्या चेहऱ्यावर असा अभिमान मी लग्नाच्या दिवशीही बघितला नव्हता.

त्यांनी मला दोष दिला असता तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी सूड म्हणून जे लिहिलं, ते त्या माणसाने अक्षर न् अक्षर खरं मानून आपल्या हातांवर घेतलं होतं. दोन वाक्यं पुरली असती. आबा, तुमच्या हाताने काही झालं नाही. आबा, मी खोटं लिहिलं. अहिराणीत तर एकच पुरलं असतं. वाक्य जिभेवर आलं होतं, शपथ सांगतो. मग पाठीवरच्या हाताचं वजन जाणवलं, बायको दिसली, आणि मी शिडी मागितली.

त्या दोराइतकं मी आयुष्यात काही तपासलेलं नाही. सासुरवाडीच्या नव्या कपड्यांत फांदीवर चढलो. साल खरवडून फांदी पोकळ आहे का बघितलं, गाठ सोडवली, पुन्हा बांधली, दोर फांदीला घासू नये म्हणून खाली गोणपाट घातलं, स्वतः लटकून बघितलं. अर्धा तास तरी गेला असेल. खालून सासरे म्हणत होते, "देखा, कितली काळजी." आबा वर बघत होते. मी जितका वेळ लावत होतो तितका त्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढत होता, आणि मला खाली उतरायचं नव्हतं.

शेवटी उतरलो. म्हणालो, "ठीक आहे. बसा."

आबांची नात सगळ्यांत आधी धावली. पाटावर बसली, दोन्ही दोर घट्ट धरले आणि मान मागे टाकून ओरडली, "आबा, झोका दे ना!"

आबा एक पाऊल पुढे आले. मग थांबले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. पोरीने मान वळवून पुन्हा हाक मारली.

"साहेब देतीन, माय," आबा म्हणाले.

मी दिला. पोरगी खिदळली, अजून जोरात म्हणाली. मी अजून जोरात दिला. बाकीच्या पोरींनी गाणं धरलं. आबा तसेच उभे होते, हात मागे बांधलेले, डोळे मिटलेले.